निलीच्या पोटाखालचा टर्बो

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज आत्याचा, आणि तिच्याखालोखाल निलीचा. निली म्हणजे आमची डिझेल पिकअप. रंगाने निळी, म्हणून निली; आम्ही आगरी माणसं ‘ळ’च्या वाटेला फारशी जात नाही. ती आमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती, आणि त्याआधी तिने कुणाकुणाचे संसार ओढले ते देवाला ठाऊक. बाबांचा मांडवाचा धंदा होता. आगऱ्यांची हळद ज्याने पाहिलीय त्याला काही सांगायला नको, आणि ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटायचं नाही. लग्नाला पाहुणे येतात, हळदीला अख्खा गाव जेवतो. तेव्हा मांडवाचे पाइप, कापडाचे गठ्ठे, खुर्च्या, आणि ज्यात आम्ही भावंडं लपाछपीत लपायचो असले मोठे टोप, हे सगळं निलीवर चढायचं. ती गल्लीच्या तोंडाशी वळली की टोपांचा खणखणाट आधी यायचा, मग इंजिनाची धडधड, आणि शेवटी बाबांचा हॉर्न. आई लगेच पोळ्यांचं पीठ ढवळायला घ्यायची. तांदळाचे गरम पोळे आणि कोलंबीचं सुकं! हात नीट धुतले तरी बाबांच्या बोटांना डिझेलचा वास असायचा, आणि त्यांच्या ताटातला घास मला भरवला की तोही थोडा डिझेलचाच लागायचा. मला तो आवडायचा. आई म्हणायची, या पोरीला बाळकडूच डिझेलचं पाजलंय.

घर घोडबंदर रोडच्या खाडीकडच्या अंगाला होतं. आजोबांच्या वेळची मिठागरं तेव्हा बंद पडत चाललेली, रस्ता दुपारचा रिकामा असायचा आणि अंगणातून थेट खाडीचं पाणी दिसायचं. आज मी वर्तकनगरात राहते. माहेरी जायचं म्हटलं की त्या रस्त्यावर एका जागी इतकी बसून राहते की शेजारच्या गाडीतल्या मुलीची ऑफिसची मीटिंग सुरू होऊन संपते. मिठागरांच्या जागी काय काय उभं राहिलंय ते मोजायला मान वर करावी लागते. असो. मी तक्रार करायला बसलेली नाही, मी निलीबद्दल सांगायला बसलेय.

मला गाड्यांचं वेड कधी लागलं हे मला सांगता येणार नाही. बाबा गाडीखाली घुसले की मीही घुसायचे, बस्स. आत्या बोंबलायची, “अगो मंजे, बाहेर ये! पोरीच्या जातीला शोभतं काय?” मी आतून ओरडायचे, “स्पॅनर दे गो आत्या!” आणि ती शिव्या देत देत स्पॅनर द्यायची, तोही बरोबर नंबरचा. दहावीच्या वर्षी मी घरात जाहीर करून टाकलं की मी कॉलेजला जाणार नाही, आयटीआयला जाणार, डिझेल मेकॅनिक होणार. आईने पळी खाली ठेवली. बाबा हसले. ते हसले हे मला जास्त लागलं. ओरडले असते तर मी भांडले असते. हसणाऱ्या माणसाशी काय भांडणार? “मंजी,” ते म्हणाले, “घरात काय करतंस ते कर. पन त्या वर्कशॉपात पन्नास पोरं, त्यांच्यात तू एकटी? नाय जमायचं.” विषय संपला. बाबांचा विषय संपला म्हणजे संपला, त्यांनी एकदा शब्द टाकला की तो उचलायला ते स्वतःही वाकत नसत.

आता एकवीरेचं सांगते. दर चैत्रात आमचं सगळं कुटुंब निलीत बसून कार्ल्याला जायचं. आई, आत्या, चुलते-चुलत्या, पोरंबाळं, ओटीचं सामान, आणि एका कोपऱ्यात बोकड. खोपोलीपर्यंत गाणी चालायची. खोपोली संपून घाट लागला की निलीचा दम जायचा. पहिल्या गिअरवरही ती उसासे टाकायची, आणि मग बाबा मान बाहेर काढून ओरडायचे, “उतरा!” सगळे उतरायचे. म्हाताऱ्या आणि बोकड वर, बाकीचे खाली, गाडीच्या मागे धूर खात पायी. काही जणांच्या हातात दगड, गाडी मागे आली तर चाकाला लावायला. दुसऱ्या गावांच्या गाड्या आमच्या शेजारून जायच्या आणि त्यातली पोरं ओरडायची, “अरे गाडी पण पायीच आणली काय?” बाबा समोर बघत राहायचे. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसायचे.

त्या दहावीच्या वर्षी शिमग्याला कल्याणजवळच्या मोहने गावचा मामा आला. हा आईचा धाकटा भाऊ, तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात कामाला आणि सुट्टीच्या दिवशी कल्याणच्या भंगारवाल्यांकडे पडीक. प्रत्येक वेळी काहीतरी उचलून आणायचा. त्या दिवशी त्याने गोणपाटातून गोगलगाईच्या शंखासारखी एक लोखंडी वस्तू काढून ओट्यावर ठेवली. “टर्बो!” तो म्हणाला. कुठल्याशा आपटलेल्या परदेशी गाडीचा होता. त्याने आतली चक्री बोटाने फिरवली आणि ती फिरतच राहिली, फिरतच राहिली! माझ्या अंगावर काटा आला. मामाने आईला समजावलं, “ताई, चुलीत फुंकणी मारलीस का जाळ होतो का नाय? तसंच. गाडीचा जो धूर बाहेर फुकट जातो, तो ही चक्री फिरवतो. तिच्याच दांड्यावर पलीकडे दुसरी चक्री, ती हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, जाळ जास्त, ताकद जास्त.” आई म्हणाली, “मंग लाव की.” इतकं सोपं असतं तर!

निलीच्या बॉनेटखाली बोट घालायला जागा नव्हती. टर्बो असतो इंजिनाला चिकटून, पण तिथे बॅटरी आडवी, स्टिअरिंग आडवं, सगळंच आडवं. मामा दोन दिवस डोकं खाजवत बसला. मी गाडीखाली उताणी पडून वर बघत होते, आणि मागच्या चाकापाशी जिथे सायलेन्सर लटकतो तिथे मला मोकळी जागा दिसली. “मामा,” मी म्हटलं, “धूर मागं येतोच की. टर्बो मागंच लावला तर?” मामा माझ्या शेजारी येऊन उताणा पडला. वितीने जागा मोजली. मग गाडीखालीच त्याने इतक्या जोरात टाळी वाजवली की कोंबड्या पळाल्या. पुढे मला कळलं की जगात आणखीही काही चक्रमांनी असं केलंय, पण तेव्हा आम्हाला वाटलं होतं की अख्ख्या दुनियेत आम्हीच पहिले. ते वाटणं काय भारी असतं म्हणून सांगू!

रात्रीच्या जेवणाला चिंबोऱ्यांचा रस्सा होता. मामा आणि मी एकाच वेळी बोलत होतो. बाबांनी नांगी फोडता फोडता ऐकून घेतलं आणि पुन्हा ते हसू हसले. मी ताटावरून उठले. म्हणजे उठणारच होते, पण तेवढ्यात ते म्हणाले, “बस. लाव तुझा टर्बो. यंदा घाटात खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत एकाही मानसाचा पाय रस्त्याला लागला नाय, तर जा आयटीआयला. लागला, तर कॉमर्स. मंग रडायचं नाय.” आत्या म्हणाली, “शब्द?” बाबा म्हणाले, “शब्द.” मामाने माझ्याकडे बघून डोळा मारला. 

मग काय विचारता! माझा दहावीचा अभ्यास निलीखाली झाला. भूगोलाचं पुस्तक मडगार्डवर, आणि मी खाली. धुराचा पाइप गावाच्या टोकाच्या पास्कूअंकलने जोडून दिला. त्यांच्या दारात क्रूस आणि वेल्डिंगचं मशीन शेजारीशेजारी असायचं. टर्बोने दाबलेली हवा मागून पुढे इंजिनापर्यंत न्यायला लांबलचक पाइप हवा होता, तो आम्ही घरचाच घेतला. मांडवाचा! बाबांच्या मांडवाचे दोन पाइप कापले, सांध्यांना रबरी नळी आणि क्लिपा. मामा म्हणाला, उलट बरं, एवढ्या लांबून जाता जाता हवा थंड होईल, थंड हवा इंजिनाला मानवते. टर्बोला हवा ओढायला फिल्टरचा डबा लागतो. तो खाली धुळीत नको म्हणून मागच्या सामानाच्या हौद्याच्या बाहेरच्या अंगाला उंचावर लावला, तोंड मोकळं. इंजिन सुरू केलं आणि त्या तोंडाशी हात धरला की हात ओढला जायचा. आत्या रोज एकदा येऊन हात धरून बघायची. “श्वास घेते गो ही,” म्हणायची. तिला त्याचं फार कौतुक.

पहिल्या दिवशी गाडी सुरू केली तेव्हा जे झालं ते गावात अजून काढतात. टर्बोच्या दांड्याला इंजिनाचं ऑइल लागतं. ते गेलं बरोबर, पण परत येईना, कारण टर्बो इंजिनापेक्षा खाली आणि ऑइल काही आपल्याआपण चढत नाही. ते सगळं धुराच्या पाइपात उतरलं. निळा पांढरा धूर गल्लीभर पसरला, बायकांनी धडाधड खिडक्या लावल्या, आणि एकजण विचारत आला की डासांचं औषध आज कसं काय मारतायत. आत्याला खोकल्याची उबळ आणि हसू एकदमच आलं. बाबा दारात उभे होते. म्हणाले, “कॉमर्सची पुस्तकं कुठं मिलतात बगून ठेवतो.” मी रडले, हो, रडले, निलीच्या चाकाला टेकून. मग मामाने कुठल्याशा मशीनचा छोटा इलेक्ट्रिक पंप आणला, तो खाली लावून ऑइल उपसून परत इंजिनात सोडायची सोय केली, आणि धूर थांबला. आजच्या पोरांना सांगते, हे वाचून आपल्या गाडीला असलं काही लावायला जाऊ नका. आताच्या गाड्यांत टर्बो आईच्या पोटातूनच येतो, आणि आरटीओवाले तुमचे मामा नाहीत.

गायमुखच्या चढावर आम्ही चाचणी घेतली. हौद्यात सगळे टोप, खुर्च्या, वर मामा. बाबा चालवायला, मी शेजारी. चढ लागला, बाबांनी सवयीने गिअर खाली टाकायला हात नेला, आणि तेवढ्यात मागून, खालून, आवाज आला. बारीक शिट्टी, वर वर चढत जाणारी. निली पुढे ढकलली गेली. खरंच ढकलली, माझी पाठ सीटला लागली! बाबांचा हात गिअरवर तसाच राहिला. “आयला,” ते म्हणाले. मागे मामा नाचत होता आणि टोप वाजत होते. तेवढ्यात फाट् करून एक रबरी नळी निसटली, शिट्टी बंद, निली पुन्हा म्हातारी. पण ऐकायचं ते आम्ही ऐकलं होतं. मी त्या रात्री क्लिपा घट्ट करायचं स्वप्नच बघितलं.

यात्रेच्या दिवशी उजाडताच निघालो. निलीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, बोकड चढला, आणि आईने पोळ्यांचा डबा माझ्या मांडीवर दिला. मामा आदल्या दिवशीच मोहन्याहून आलेला. पनवेलपर्यंत सगळं मस्त. खोपोलीत बाबांनी पाणी तपासलं, सगळ्यांकडे वळून म्हणाले, “हितून पुढं कोनाचा पाय खाली नको,” आणि गाडी घाटाला लावली. शिट्टी सुरू झाली. बायका ओरडल्या, चुलतभावाने शिट्टीला शिट्टी दिली. निली चढत होती! मला वाटलं, झालं, जिंकले. आणि मग शिट्टी घोगरी झाली. मागून काळा धूर. ताकद गेली. बाबांनी गिअर खाली, आणखी खाली, ऐन घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी निली थरथरली आणि बंद पडली. गाडी मागे सरकायला लागली. पुढे जे झालं त्यात कुणाचीच चूक नाही, वर्षानुवर्षांची सवय: चुलते, चुलतभाऊ, सगळे धपाधप उड्या मारून खाली, आणि चाकांना दगड.

सगळ्यांचे पाय रस्त्यावर. मी पुढच्या सीटवर बसून ते बघत होते. मला उतरावंसंही वाटेना. मग राग आला, इतका राग आला की मी दार ढकलून उतरले आणि एकेक सांधा चाचपत मागे गेले. क्लिपा ठीक. पंप ठीक. आणि फिल्टरच्या डब्यापाशी पोचले तर त्याच्या तोंडात हिरवं काहीतरी. ओढलं, निघेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा बाहेर आला खण. ओटीचा खण! हिरवा, जरीकाठी, तांदळाचे दाणे आणि हळकुंड चिकटलेला, घशात अडकल्यासारखा आत बसलेला.

“हा कुणी घातला इथं?” मी किंचाळले.

आत्या हौद्यातून वाकली. “मी बांदला,” ती म्हणाली, अगदी सरळ. “नारल फोरला तवा. सगल्या गारीला हलद लावली, न ती बिचारी नवी, श्वास घेती, तिची वटी कोनी भरली नाय. बाईच हाय ना ती? देवीला चालली, न वटी नको?”

 सपाटीला तो खण बाहेर फडफडत होता. घाटात जोर लागला तशी टर्बोने हवा ओढली आणि हवेबरोबर ओटीही. मामा रस्त्यावर बसकण मारून हसायला लागला. आई पदरात तोंड लपवून हसत होती. मी हसत नव्हते. मी बाबांकडे बघत होते.

“भावजी, हे काय बाद धरू नका,” मामा डोळे पुसत म्हणाला. “गाडीची चूक नाय, पोरीची चूक नाय.”

“पाय लागला का नाय?” बाबा म्हणाले.

“लागला, पन...”

“मंग लागला.” बाबांनी खण माझ्या हातातून घेतला, झटकला, घडी घालून आत्याच्या हातात दिला. “शब्द म्हनजे शब्द.” आत्याचा चेहरा पडला. तिला पहिल्यांदाच कळलं तिने काय केलंय ते.  त्या रस्त्यावर उभ्या उभ्या मला माझं सगळं आयुष्य दिसलं, कॉमर्सचं, गुळगुळीत कागदांचं, कुठेही डिझेलचा वास नसलेलं. बाबा गाडीला एक फेरी मारून आले. खाली वाकून टर्बोकडे बघितलं. कान लाल झालेले. मग ते म्हणाले, “बसा सगली. खाली चला.”

“खाली?” चुलत्यांनी विचारलं. “खाली कुठं?”

“खोपोलीला. आता झाला त्यो घाट तिच्या वटीचा. मंजीचा अजून व्हायचाय.”

काय गलका झाला! एक चुलती म्हणाली, देवी वाट बघतेय. बाबा म्हणाले, देवी कुठं जात नाय. चुलते म्हणाले, अर्धा घाट चढून कुणी खाली जातं का, लोक हसतील. बाबा म्हणाले, “मंग हसू दे. दर साली हसतातच.” आत्या सगळ्यात आधी हौद्यात जाऊन बसली आणि गरजली, “बसता का मी येऊ खाली?” सगळे बसले. निली उताराला लागली, वर जाणाऱ्या गाड्यांमधली माणसं वळून वळून बघत होती, आणि आम्ही सगळे, बोकडासकट, उलटे खोपोलीला.

दुसऱ्यांदा घाट लागला तेव्हा मी पुढे बसले नाही. मी मागे बसले, ऐन टर्बोच्या वर, फळी गरम लागत होती तिथे, एक कान फळीला लावून. आत्या फिल्टरच्या डब्याशी पहारेकऱ्यासारखी, एक हात बाहेर काढून कुणालाही जवळ येऊ देत नव्हती, माशीलासुद्धा. शिट्टी सुरू झाली. यावेळी कुणी ओरडलं नाही. सगळे गप्प, सगळे ऐकतायत. शिट्टी चढत गेली आणि चढलेलीच राहिली. निलीने एका ट्रकला मागे टाकलं, मग दुसऱ्याला. एका वळणावर कुठल्याशा गावाची गाडी रडतखडत चढत होती, माणसं तिच्यामागे पायी, आणि आमच्याकडे बघत ती चालायचीच थांबली. तेव्हा आईने गाणं उचललं. माझी गप्प राहणारी आई! मग सगळ्यांनी उचललं, टाळ्या, थाळ्या, पोळ्यांचा डबासुद्धा वाजला. शिंग्रोबाचं देऊळ आलं आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते मागे पडलेलं होतं. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण घसा तीन दिवस बसला होता एवढं आठवतं.

इतक्या वर्षांत मी कितीतरी इंजिनं खोलली आणि बसवली, मुलींच्या बॅचेसना शिकवलं, ट्रक चालवले. त्या चढासारखं मात्र काही झालं नाही. कुणी विचारलं की आनंद म्हणजे काय, तर मला ती गरम फळीच आठवते.

खंडाळ्याला बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. एकदम शांत झालं. मग सगळ्यांनी एकच गिल्ला केला आणि उतरायला धावले. चुलतभावाने एक पाय बाहेर टाकलाच होता, तेवढ्यात बाबा धावत मागे आले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

“थांबा! कोनी पाय टाकू नका.”  त्यांनी मागची फळी खाली सोडली आणि माझ्याकडे हात पुढे केला. “आदी मेकॅनिकला उतरू द्या.”